टोटल लॉस ठरलेली मोटार पुन्हा रस्त्यावर आणताना

सोलापूरभोवती मोठे रस्ते एकत्र येतात. पुणे–हैदराबाद महामार्ग शहराला लागून जातो, विजापूर आणि तुळजापूरकडे जाणारा महामार्ग त्याला येथेच मिळतो आणि मंगळवेढा-सांगोलामार्गे सांगली-कोल्हापूरचा रस्ताही येथूनच निघतो. त्यामुळे ठोकलेल्या गाड्यांची या भागात वानवा नाही. अपघातानंतर विमा कंपनीने ‘टोटल लॉस’ ठरवलेली मोटार कमी किमतीत घ्यायची, किंवा स्वतःचीच अपघातातली गाडी ठेवून घ्यायची, आणि ती नीट करून पुन्हा वापरायची, हा विचार अनेकांच्या मनात येतो. तो विचार मुळात चुकीचा नाही, पण बहुतेक जण कामाची सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी डेंटर-पेंटर गाठला जातो, गाडी चकचकीत होते, आणि मग कोणीतरी आरसी बुक उघडून पाहतो. माझ्या मते क्रम असा असावा: आधी कागद, नंतर सांगाडा, मग जीव वाचवणारी यंत्रणा, आणि रंग सर्वांत शेवटी. पहिल्या दोन गोष्टींपैकी एक जरी सरळ होणार नसेल, तर पुढे एक रुपयाही घालू नये.

टोटल लॉस कशाला म्हणतात

विमा पॉलिसीवर गाडीची ‘आयडीव्ही’, म्हणजे विम्यासाठी ठरलेली किंमत, लिहिलेली असते. गाडी अपघातस्थळाहून आणून दुरुस्त करण्याचा एकूण खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती टोटल लॉस धरली जाते. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. तीन लाख आयडीव्ही असलेल्या जुन्या गाडीचे अधिकृत वर्कशॉपमधले अंदाजपत्रक सव्वादोन लाखांपुढे गेले की ती टोटल लॉस झाली, मग तिचा सांगाडा कदाचित धडधाकट असेल आणि खर्च केवळ दरवाजे, दिवे, एअरबॅग आणि काचांचा असेल. उलट, पंधरा लाखांच्या नव्या गाडीचा पुढचा भाग आत दाबला गेलेला असूनही ती टोटल लॉसच्या मर्यादेत न आल्याने दुरुस्त होऊन फिरत असेल. म्हणून ‘टोटल लॉस’ या शिक्क्यावरून गाडी दुरुस्त होण्याजोगी आहे की नाही हे ठरत नाही. ते सर्व्हेअरचा अहवाल, अपघातानंतर लगेच काढलेली छायाचित्रे आणि प्रत्यक्ष मोजमाप यांवरूनच ठरते. गाडी घेण्यापूर्वी विकणाऱ्याकडे हा अहवाल आणि ही छायाचित्रे आग्रहाने मागावीत. ती दाखवायला जो तयार नाही, त्याची गाडी सोडून द्यावी.

अमेरिकेतील राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावरच ‘सॅल्व्हेज’ अशी नोंद होते आणि दुरुस्तीनंतर तपासणी होऊन ‘रीबिल्ट’ अशी दुसरी नोंद होते. आपल्या आरसीवर असा कोणताही शेरा नसतो. सरकारी नोंद पाहून गाडीचा पूर्वेतिहास कळत नसल्याने तो खणून काढण्याची सगळी जबाबदारी घेणाऱ्यावर येते, आणि प्रामाणिकपणे दुरुस्त केलेल्या गाडीचा पुरावा सांभाळण्याची जबाबदारी दुरुस्त करणाऱ्यावर येते.

आधी कागद

परिवहन सेवा संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून आरसीची सद्यःस्थिती पाहावी. ती ‘अ‍ॅक्टिव्ह’ असेल तर पुढचा मार्ग मोकळा आहे. ती ‘कॅन्सल्ड’ असेल तर तेथेच थांबावे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५५ नुसार नष्ट झालेल्या किंवा कायमची निकामी झालेल्या वाहनाची माहिती मालकाने १४ दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकाऱ्याला देऊन आरसी जमा करायची असते आणि त्यावर नोंदणी रद्द होते. अशा गाडीवर दुरुस्तीसाठी पैसा घालू नये. “ओळख आहे, करून देतो” असे सांगणारे भेटतात, पण ते जे करून देतात ते बहुधा दुसऱ्याच गाडीचे कागद असतात. रद्द नोंदणीची गाडी सुट्या भागांसाठी घ्यायची असेल तर त्याच भावाने घ्यावी आणि उरलेला सांगाडा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन तसे प्रमाणपत्र घ्यावे.

तिसरी शक्यता ‘सस्पेंडेड’ची असते. वाहनाची अवस्था सार्वजनिक ठिकाणी धोकादायक आहे असे वाटल्यास कलम ५३ खाली नोंदणी निलंबित करता येते. हे निलंबन दुरुस्ती आणि तपासणीनंतर उठू शकते, मात्र त्याचा आदेश हातात घेऊन आरटीओकडून अटी समजून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

सोलापूरकरांना आणखी एक गोष्ट विशेष पाहावी लागते, कारण विजापूर आणि कलबुर्गी आपल्यापासून फार लांब नाहीत आणि हैदराबादकडूनही बऱ्याच गाड्या इकडे येतात. परराज्यातील गाडी असेल तर तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हा व्यवहाराचा पाया आहे. १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी महाराष्ट्रात ठेवायची तर कलम ४७ प्रमाणे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि त्यासाठी येथील मोटार वाहन कर भरावा लागतो. हा कर गाडीच्या मूळ किमतीशी आणि वयाशी निगडित असल्याने तो आधी काढून घ्यावा. ठोकलेली गाडी स्वस्त मिळाली म्हणून आनंदात असलेल्या माणसाला नंतर कराचा आकडा पाहून घाम फुटतो. मूळ राज्यात आधी भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो, पण ते पैसे हातात येतील तेव्हा येतील, असे धरूनच हिशेब मांडावा.

गाडीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज असल्यास, ज्याला आपल्याकडे ‘एचपी’ म्हणतात, ते उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि त्या संस्थेचे पत्र लागते. विमा कंपनीने क्लेमची रक्कम थेट बँकेला दिलेली असली तरी आरसीवरची नोंद आपोआप निघत नाही. ई-चलनाची थकबाकी पाहावी. गाडी चोरीची नोंदलेली आहे का हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवरून तपासता येते, आणि तेथून निघणारा दाखला छापून फाइलला लावावा. अपघातात कोणी जखमी किंवा मृत झाले असेल तर मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाली आहे का आणि पोलिसांनी वा न्यायालयाने गाडी कोणाच्या ताब्यात दिली आहे, हे सुपूर्दनाम्यावरून, म्हणजे गाडी अटींवर ताब्यात दिल्याच्या कागदावरून, पाहावे. सुपूर्दनाम्यावर घेतलेली गाडी न्यायालयाच्या अटींखाली असते. ती विकू नये किंवा तिचे स्वरूप बदलू नये, अशी अट त्यात असू शकते आणि तसे असताना तिला हातोडा लावणे अंगाशी येते.

आता चेसिस क्रमांक. बहुतेक लहान गाड्यांत तो बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्यावर) किंवा पुढच्या सीटखालच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने धूळ-तेल पुसून, वर खडू घासून, बॅटरीच्या उजेडात तिरपे पाहिले की अक्षरे स्वच्छ उठतात. सतरा अक्षरे-अंक मोजावेत. त्यांत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात, त्यामुळे त्यांपैकी एखादे दिसले तर क्रमांकाशी छेडछाड झालेली आहे. अक्षरांची खोली आणि ओळ सारखी आहे का, क्रमांकाच्या पट्टीभोवती वेल्डिंगचा ओघळ किंवा पुट्टीचा थर आहे का, हे बोटाने चाचपावे. टोटल लॉस गाडीचे कागद आणि चेसिसचा कापलेला तुकडा चोरीच्या तशाच गाडीवर बसवणे हा या धंद्यातला सर्वांत जुना गुन्हा आहे. म्हणूनच “गाडी नको, फक्त कागद द्या” असे म्हणणाऱ्याला कोणत्याही मालकाने आपले आरसी बुक देऊ नये. गंजाने क्रमांक पुसट झाला असेल तर तो स्वतः पंच करू नये. त्यासाठी आरटीओकडे रीतसर अर्ज करावा आणि ते सांगतील त्याच मार्गाने तो पुन्हा ठोकून घ्यावा.

विकणाऱ्याच्या सह्या फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर व्यवहाराच्या दिवशीच घ्याव्यात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवणे कायद्याला अपेक्षित आहे. “गाडी तयार झाली की नावावर करू” हे वाक्य फार ऐकू येते, पण ते दोघांसाठीही घातक आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी विकलेली असली तरी अपघाताच्या वेळी आरसीवर ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक ठरतो आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. लिलावातून घेतलेल्या गाडीच्या बाबतीत मधे दोन-तीन दलाल असतात आणि कोऱ्या सह्यांचे फॉर्म हातोहात फिरतात. मूळ मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय असा व्यवहार करू नये.

सांगाडा

हल्लीच्या बहुतेक छोट्या मोटारींना वेगळी चेसिस नसते. पत्र्याची संपूर्ण पेटी हाच सांगाडा असतो आणि म्हणून ‘पत्र्याचे काम’ आणि ‘चेसिसचे काम’ यांतला जुना भेद येथे लागू पडत नाही. मोटार गॅरेजला नेताना ती फ्लॅटबेडवरच न्यावी. वाकलेल्या चाकांवर ओढून नेल्यास नुकसान वाढते, आणि विमा नसलेली गाडी रस्त्यावर चाकांनी नेणे कायद्यातही बसत नाही.

पहिले मोजमाप कोणालाही घरच्या टेपने करता येते. बॉनेट उघडून डाव्या सस्पेन्शन टॉवरच्या एका बोल्टपासून उजवीकडच्या पुढच्या क्रॉस मेंबरच्या (आडव्या तुळईच्या) ठरावीक भोकापर्यंतचे तिरपे अंतर मोजावे, मग तसेच उजवीकडून डावीकडे. दोन्ही कर्ण जवळपास सारखे आले पाहिजेत. तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आला तर पुढचा भाग एका बाजूला सरकलेला आहे असे समजावे. त्यानंतर चाके सरळ ठेवून डाव्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर मोजावे आणि उजव्या बाजूशी ताडून पाहावे. दरवाजांच्या फटी वर-खाली सारख्या आहेत का, दरवाजा उघडल्यावर खाली बसतो का, छताच्या पत्र्यावर पिलरजवळ (छत पेलणाऱ्या खांबाजवळ) सुरकुती आहे का, हेही पाहावे. छतावर सुरकुती दिसली तर धक्का पार मागेपर्यंत गेलेला असतो. अशी गाडी मी तरी कोणाला घेऊ देणार नाही.

टेपचे मोजमाप हा केवळ पहिला चाळणा आहे. खरी दुरुस्ती ओढण्याच्या बेंचवर होते, जेथे गाडी चार ठिकाणी खाली घट्ट पकडून साखळीने ठरावीक दिशेला खेचली जाते आणि कंपनीच्या मापांशी प्रत्येक बिंदू ताडला जातो. झाडाला किंवा खांबाला साखळी बांधून ट्रॅक्टरने लेग, म्हणजे इंजिनाच्या बाजूने पुढे आलेली सांगाड्याची तुळई, ओढून काढण्याची पद्धत अजूनही कोठे कोठे चालते. त्यात लेग डोळ्याला सरळ दिसतो, पण आतल्या घड्या तशाच राहतात आणि पुढच्या अपघातात तो भाग जसा चुरगळायला हवा तसा चुरगळत नाही. बेंचवाल्याकडून दुरुस्तीपूर्वीच्या आणि नंतरच्या मापांचा कागद मागून घ्यावा. असा कागद जो देऊ शकत नाही, त्याने मापे घेतलेलीच नसतात.

पिलर, उंबरा आणि दरवाजातील आडवी नळी येथे अनेक गाड्यांत जास्त ताकदीचे पोलाद वापरलेले असते. असे पोलाद गॅसच्या ज्योतीने लाल करून ठोकले की त्याची मूळ ताकद जाते आणि ती परत येत नाही. डेंटरला हे आधीच स्पष्ट सांगावे की या भागांवर गॅस लावायचा नाही. वाकलेला भाग कंपनीने सांगितलेल्या ठिकाणीच कापून नवा भाग स्पॉट किंवा सीओटू वेल्डिंगने बसवायचा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि एअरबॅगचा कंट्रोलर सोडवून ठेवावा. जोड पूर्ण झाल्यावर पोकळ भागांच्या आतून गंजरोधक मेण मारून घ्यावे, कारण गंज आतूनच सुरू होतो आणि बाहेर फुगा दिसेपर्यंत पत्रा कागदासारखा झालेला असतो.

पाण्यात गेलेली गाडी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुराने माढा-मोहोळ भागातील गावे पाण्याखाली गेली आणि लांबोटीजवळ पुणे महामार्गही बंद ठेवावा लागला. अशा पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येण्याची शक्यता धरून चालावे. ती तपासण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे सीटबेल्ट. बेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते, ती सहसा कोणी धूत नाही. पुढे गालिचाखालचा फोम दाबावा, स्टेपनीच्या खड्ड्याचे कोपरे पाहावेत, डॅशबोर्डखालच्या कनेक्टरांत हिरवट गंज आहे का ते उजेड टाकून पाहावे.

बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पाणी दबत नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवावी, ऑइल काढून ते दुधासारखे झाले आहे का पाहावे, स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवावे. इंजिन वाचले तरी वायरिंग आणि कंट्रोल युनिट महिनोन्‌महिने त्रास देतात. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलेली गाडी रोजच्या वापरासाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एअरबॅग आणि बेल्ट

या भागावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण पैसा वाचवण्याची लबाडी येथेच होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग आणि २०२१ अखेरपासून पुढच्या प्रवाशाचीही एअरबॅग बंधनकारक आहे. म्हणजे आता टोटल लॉसमध्ये येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत एअरबॅग फुटलेल्या असतात. एअरबॅग, तिचा कंट्रोलर, धक्का ओळखणारे सेन्सर, स्टिअरिंगमधली गुंडाळी-केबल, बेल्ट खेचून धरणारे प्रीटेन्शनर आणि डॅशबोर्डचे आवरण या सर्वांचा खर्च मिळून जुन्या गाडीच्या किमतीच्या मोठ्या भागाएवढा होतो. म्हणून काही ठिकाणी आवरण चिकटवून, आत काही न बसवता, वायरिंगमध्ये रेझिस्टन्स टाकून धोक्याचा दिवा विझवला जातो. गाडीला वाटते एअरबॅग आहे, चालकालाही वाटते आहे, आणि प्रत्यक्षात स्टिअरिंग पोकळ असते.

तपासण्याची पहिली पायरी कोणालाही करता येते. किल्ली ‘ऑन’वर फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागला पाहिजे आणि मग विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर दिवा काढलेला किंवा निकामी झालेला असू शकतो. तो लागून राहत असेल तर यंत्रणेत बिघाड आहे. तो नीट लागून विझला तरी रेझिस्टन्सची शक्यता उरते. त्यासाठी अधिकृत वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून कंट्रोलरमधील अपघाताची नोंद वाचून घ्यावी आणि स्टिअरिंगचे आवरण उघडून एअरबॅगवरचा क्रमांक प्रत्यक्ष पाहावा. कंट्रोलर ‘रीसेट’ करून देणारे असतात, पण उत्पादकाने तो बदलायला सांगितले असेल तर बदलावाच. प्रीटेन्शनर उडालेला बेल्ट अडकून बसतो किंवा सैल राहतो. तो दुरुस्त करण्याची वस्तू नाही, नवाच घ्यावा. भंगारातून काढलेली एअरबॅग कधीही घेऊ नये, कारण ती भिजलेली आहे की नाही हे वरून कळत नाही.

एवढा खर्च परवडत नसेल तर ती गाडी घ्यायची नाही, हाच त्याचा अर्थ आहे. मागच्या सीटवर आपलीच मुले बसणार असतात.

जुने भाग, रंग आणि बाकीचे

दरवाजे, बॉनेट, दिवे, काचा हे भाग जुने घ्यायला हरकत नाही, मात्र बिल घ्यावे आणि त्यावर भाग कोणत्या क्रमांकाच्या गाडीतून निघाला हे लिहून घ्यावे. ब्रेकचे होज, स्टिअरिंगचे टाय रॉड, बॉल जॉइंट आणि वाकलेली अलॉय व्हील जुनी घेऊ नयेत. इंजिन बदलले तर नव्या इंजिनाचा क्रमांक आणि बिल घेऊन आरटीओकडे नोंद करावी लागते. ती नसेल तर पुढे विमा क्लेमच्या वेळी आणि विक्रीच्या वेळी गाडी अडते. सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत अपघातानंतर टाकीची जलदाब चाचणी नव्याने करून घ्यावी. एरवीही ती दर तीन वर्षांनी करायची असते.

रंगाबद्दल थोडक्यात. आरसीवर जो रंग आहे तोच द्यावा. बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी घ्यावी. बूथ, म्हणजे रंगासाठी बंदिस्त खोली, नसलेल्या गॅरेजमध्ये सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये रंग मारून घेऊ नये. चाळिशीपुढच्या तापमानात पत्रा हात लावण्यापलीकडे तापतो, थिनर पृष्ठभागावर पसरण्याआधीच उडून जाते आणि क्लिअर कोट संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. नाइलाज असेल तर पहाटे, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवून, सावकाश उडणारे थिनर वापरून काम करावे. लोहचुंबक पत्र्यावर नीट चिकटत नसेल तर तेथे पुट्टीचा जाड थर आहे, तो खरवडून पुन्हा करायला लावावा.

रस्त्यावर आणण्याचे शेवटचे कागद

गाडी चाकांवर उभी राहिली की पहिल्या चाचणीसाठी रस्त्यावर काढण्यापूर्वी विमा घ्यावा. कलम १४६ प्रमाणे त्रयस्थ व्यक्तीचा विमा सक्तीचा आहे, आणि “फक्त चौकापर्यंत जाऊन येतो” यालाही सूट नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीसाठी वार्षिक त्रयस्थ हप्ता १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये ठरवण्यात आला. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा हवा असेल तर पॉलिसी खंडित झालेली असल्याने कंपनी गाडीची तपासणी करते. त्या वेळी पूर्वीचा टोटल लॉस लपवू नये. लपवल्यास पुढचा क्लेम नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते.

त्यानंतर पीयूसी. येथे सोलापूरची एक वेगळी गोष्ट उपयोगी पडते. १ एप्रिल २०१० रोजी देशातील ज्या १३ शहरांत गाड्यांच्या धुरासाठीचे बीएस-४ (भारत स्टेज ४) मानक प्रथम लागू झाले त्यांत सोलापूर होते, देशभर ते १ एप्रिल २०१७ ला आले. त्यामुळे २०११ ची सोलापुरात नोंदलेली गाडी बीएस-४ असू शकते आणि त्याच वर्षीची, त्याच मॉडेलची शेजारच्या जिल्ह्यातील गाडी बीएस-३. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांची पीयूसी, गाडीला एक वर्ष झाल्यावर, १२ महिने चालते, तर बीएस-३ व त्याआधीच्यांची ६ महिने. आरसीवरचे मानक पाहूनच पीयूसी काढावी. पेट्रोलवरील बीएस-४ गाडीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम या मर्यादेत आले पाहिजे. इंजिन ठीक असूनही गाडी नापास होत असेल तर गाडीखाली पाहावे. अपघातानंतर पडून राहिलेल्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग, चोरीला गेलेला असतो किंवा त्याच्या जागी साधा पाइप जोडलेला असतो.

नंबर प्लेट वाकलेली असेल तर ती ठोकून सरळ करून लावू नये. उच्च सुरक्षा नंबर प्लेट एकदा काढली की तिचे कुलूप तुटते, म्हणून अधिकृत संकेतस्थळावरून नवी मागवावी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर ती अजून बसलेलीच नसेल तर याच वेळी बसवून घ्यावी.

गाडीला १५ वर्षे पूर्ण झाली असतील किंवा लवकरच होणार असतील तर फॉर्म २५ भरून पुनर्नोंदणीसाठी आरटीओत गाडी दाखवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांपुढील गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढले. त्याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो. मंजुरी मिळाल्यास नोंदणी ५ वर्षे चालते. निरीक्षक दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायर, सीटबेल्ट आणि चेसिस-इंजिनचे क्रमांक पाहतो. चेसिसची पेन्सिल प्रिंट स्वच्छ यावी म्हणून क्रमांकावर रंगाचा जाड थर बसू देऊ नये. पंधरा वर्षांखालच्या गाडीची नोंदणी चालू असेल तर दुरुस्तीनंतर अशी सक्तीची तपासणी नसते. त्यामुळेच तिची तपासणी स्वतःहून, काम केलेल्या गॅरेजऐवजी दुसऱ्या ठिकाणी, पैसे देऊन करून घ्यावी.

चाचणीच्या वेळी आधी मोकळ्या, सपाट रस्त्यावर कमी वेगात ब्रेक दाबून गाडी एका बाजूला ओढते का पाहावे. मग वेग हळूहळू वाढवावा. व्हील अलाइनमेंटचा छापील कागद घ्यावा आणि कॅम्बर-कॅस्टरचे (चाकाच्या आणि ते ज्या अक्षावर वळते त्याच्या कलाचे) आकडे डाव्या-उजव्या बाजूला मर्यादेत आहेत का ते स्वतः वाचावे. टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, जुळवला की गाडी सरळ चालते, पण कॅस्टर जुळत नसेल तर सांगाडा किंवा सस्पेन्शन अजून वाकलेले आहे आणि गाडी परत बेंचवर न्यायला हवी. हजारेक किलोमीटर झाल्यावर सस्पेन्शनचे सर्व बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेला झिजत आहेत का पाहावे, कूलंटची पातळी आणि नव्या जोडांवरचा सीलंट तपासावा. सर्व्हेअरचा अहवाल, अपघाताची आणि कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे, बेंचची मापे, स्कॅनरचा अहवाल, भागांची बिले आणि अलाइनमेंटचे कागद एका फाइलमध्ये ठेवावेत. उद्या गाडी विकायची वेळ आली तर पैशांची बोलणी सुरू होण्याआधी ही फाइल घेणाऱ्याच्या हातात द्यावी.